सुंगटं आली तो रविवार

धारवाडला मळमड्डीत मी ज्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले, त्यांची माझी पहिली भेट कुकरच्या शिट्टीवरून झाली. खोली त्यांच्या पुतण्यानं दाखवली, किल्लीही त्यानंच दिली. मालकीणबाई माहेरी कारवारला गेल्या होत्या. मी सामान लावलं, कचेरीत रुजू झाले, आणि त्याच आठवड्यात कचेरीतल्या एका हौशी बाईंनी मला पिशवीभर कोळंबी दिली.

आमचं गाव अळणावरजवळ. तळ्यातले मासे माहीत होते, बाजारातला सुका जवळा माहीत होता. ओली कोळंबी मी हातात घेतली ती पहिल्यांदाच. पण शिजवायचं म्हणजे काय, कांदा, मसाला आणि कुकर. मटणाला लावते तसा लावला. दुसरी शिट्टी झाली आणि दार ढकलून एक उंच, किडकिडीत बाई आत आल्या. खांद्याला प्रवासाची पिशवी तशीच होती.

"काय शिजवालीस?"

"कोळंबी."

"कुकरात?"

मी होय म्हटलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदरानं कुकर उचलला, नळाखाली धरला, झाकण काढलं आणि आत बराच वेळ बघत राहिल्या.

"मेलेल्याला आणखी किती मारशील गं?"

ती कोळंबी रबरासारखी झाली होती. परसातल्या मांजरानं एक चावली आणि तिथंच ठेवून दिली. बाई माझ्या खाटेवर बसल्या, गाव विचारलं, घरी किती माणसं ते विचारलं, आणि अळणावरकडची म्हटल्यावर जरा निवळल्या. मग यात तुझा दोष नाही, म्हणाल्या. समुद्र तुमच्यापासून लांब आहे.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. भाडं मागायच्या मराठीत, रागवायच्या कन्नडमध्ये, आणि स्वयंपाकघरात स्वतःशी बोलायच्या कोकणीत. कोळंबीला त्या सुंगटं म्हणायच्या आणि दुसरं कोणी कोळंबी म्हटलं तर कळूनही न कळल्यासारखं करायच्या.

मळमड्डीत बहुतेक घरं शाकाहारी. निवृत्त मास्तर, हेडक्लार्क, सकाळी देवपूजा करणारी माणसं. अशा वस्तीत सुंगटं करायची म्हणजे भांडणच व्हायचं. पण अक्कांचं कधी भांडण झालं नाही, कारण त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. त्या दिवशी मागच्या दोरीवर लाल टॉवेल वाळत पडायचा. टॉवेल दिसला की शेजारची मंडळी त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायची. संध्याकाळी टॉवेल निघाला की खिडक्या उघडायच्या. पलीकडचे मास्तर फार सज्जन. कुंपणापाशी येऊन हळूच विचारायचे, "अक्का, टॉवेल कधी निघणार हो? आमच्या जावयाला वारा लागतो." अक्का सांगायच्या, "अजून वाटण व्हायचंय, जावयांना पुढच्या खोलीत बसवा." सोललेली सालं त्या मोगऱ्याच्या मुळाशी पुरायच्या. त्या मोगऱ्याला घमेलंभर फुलं यायची आणि मास्तरांच्या घरची पूजा त्याच फुलांवर चालायची. मास्तरीणबाईंना सगळं ठाऊक होतं. फूल ते फूल, म्हणायच्या, आणि परडी पुढं करायच्या.

सुंगटं यायची कारवारच्या बसनं. अक्कांच्या भाच्याच्या ओळखीचा एक कंडक्टर होता. त्याची ड्यूटी ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो बर्फ घातलेला पत्र्याचा डबा स्टँडवर उतरवायचा. आज ड्यूटी मंगळवारी, तर पुढच्या वेळी शुक्रवारी. अक्का वारांच्या भानगडीत पडायच्या नाहीत. त्यांचं साधं होतं, सुंगटं आली तो रविवार. त्या दिवशी त्या रविवारसारख्या उशिरा न्हायच्या, रेडिओ मोठा लावायच्या, आणि आम्हा तिन्ही भाडेकरणींनीही सुट्टी पाळावी असं त्यांना मनापासून वाटायचं. एक शाळामास्तरीण, एक नर्स आणि मी. एकदा चक्क आमच्या कचेरीत माणूस पाठवून निरोप दिला, घरी पाहुणे आलेत, लगेच या. मी धावत आले तर पाहुणे डब्यात. पुढं पुढं साहेब मला विचारायचे, तुमचे नातेवाईक आठवड्यातल्या मधल्या वारीच का येतात?

पुढं दोन हजार सालानंतर पुण्याच्या पुतण्यानं त्यांना फ्रिज पाठवला. मी मुलांना घेऊन भेटायला गेले तेव्हा तो माजघरात भिंतीला पाठ लावून उभा होता, पण वायर गुंडाळून वर ठेवलेली. आत डाळी, पापड, आणि मधल्या कप्प्यात इस्त्रीच्या साड्या. माझ्या मुलीनं विचारलं, आजी, फ्रिज बंद का? अक्का म्हणाल्या, चालू केला की माणसं उद्याचं आज आणतात आणि आजचं उद्या खातात. मुलीला काही कळलं नाही, पण साड्यांच्या फ्रिजची गोष्ट तिनं शाळेत वर्षभर सांगितली.

सुंगटं सोलणं हे एकट्यानं करायचं काम नव्हे, हा त्यांचा दुसरा कायदा. परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली दगडी कट्टा होता. मधोमध परात, भोवती आम्ही. डोकं मोडायचं पण टाकायचं नाही, ते वेगळं ठेवायचं, कारण डोकी ठेचून त्याचा रस कालवणात जातो. पाय ओढायचे, साल उलगडायची, पाठीवर सुरीनं चीर द्यायची आणि काळा दोरा अख्खा बाहेर काढायचा. मग मीठ-हळद. वाटण नारळाचं, ब्याडगी मिरचीचं, धणे आणि चिंच. कालवणाला उकळी आली की सुंगटं सगळ्यात शेवटी. वाकली की उतरव, गोळा झाली की मांजराला घाल, असं त्या दर वेळी सांगायच्या, मी शिकले त्यानंतरही. उकड्या तांदळाचा भात आणि आमच्यासाठी भाकऱ्या. जेवताना बोलायचं नाही. बोलायचं ते सोलताना.

आणि सोलतानाच अक्का माणसं बघायच्या. हा त्यांचा खरा धंदा. कोणीही घरी आलं की हात धुवायला लावून परातीपाशी बसवायच्या. वायरमन, पोस्टातला नवा माणूस, खोली बघायला आलेली मुलगी, कोणी सुटायचं नाही. नंतर निकाल सांगायच्या. न बघता डोकं मोडतो तो नोकरी मोडतो. अर्धा दोरा आत ठेवतो तो अर्धंच सांगतो. दोन बोटांच्या चिमटीत धरून सोलणाऱ्या एका मुलीला त्यांनी खोली दिली नाही. तिला या घरात प्रत्येक गोष्टीचा वास येईल, म्हणाल्या. माझा निकाल पहिल्याच महिन्यात लागला होता. "हात चालतो, तोंड बंद असतं. राहा."

हसण्यासारखं होतं, पण आम्ही हसत नव्हतो, कारण निकाल खरे व्हायचे. नर्सबाईंना सांगून आलेल्या एका मुलाला अक्कांनी डोक्यांवरून नापास केलं. नर्सबाईंनी नकार कळवला. त्या मुलानं पुढं एकामागून एक नोकऱ्या सोडल्या आणि शेवटी सासऱ्याच्या दुकानात बसला, असं ऐकलं. तेव्हापासून अक्कांचा शब्द हायकोर्टासारखा झाला. माझे अप्पा तर त्यांना फारच मानायचे. अप्पा शेतकरी माणूस, मुलीला परगावी ठेवलेलं, जीव टांगलेला. तिथं अक्का आहेत या एकाच गोष्टीवर त्यांना झोप लागायची.

म्हणून मला बघायला येणार होते तेव्हा अप्पांनीच ठरवलं, कार्यक्रम अक्कांच्या घरी. माझं वय त्या काळच्या हिशेबानं उलटून चाललं होतं. दोन ठिकाणी आधी नकार आलेला, एकाला मी काळी वाटले आणि दुसऱ्याला नोकरी करणारी नको होती. हा मुलगा हुबळीचा, जुन्या पेठेतल्या घरचा, तारिहाळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याला नोकरी करणारीच हवी होती.

सकाळी मी पोह्यांचे कांदे चिरत होते आणि कंडक्टरचा डबा आला.

अक्कांनी दोरीवर टॉवेल टाकला. मी म्हटलं, अक्का, आज नको. आज तर पाहिजेच, म्हणाल्या. मुलगा मामांबरोबर आला. चहा झाला, गाव-गोत्र झालं, आणि अक्का म्हणाल्या, "हात धुऊन परसात या हो." मामांना वाटलं जेवायला वाढलंय. ते कट्ट्यापाशी आले आणि परात बघून थबकले. अप्पा फेटा सावरत भिंतीकडे बघत राहिले. मुलानं मात्र घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि मांडी घालून बसला. मी समोर, पाटावर, नवी साडी खोचून. दोघांचे हात कोपरापर्यंत माखलेले. मुलगी दाखवायची ही पद्धत मी अजून दुसरीकडे ऐकलेली नाही.

तो सावकाश सोलत होता. बोलला थोडं, विचारलं जास्त. कचेरी किती वाजता सुटते, बस मिळते का, लग्नानंतर हुबळीहून धारवाडला रोज ये-जा जमेल का. कामाचे प्रश्न होते. मला बरे वाटले. डोकी त्यानं वेगळी ठेवली, दोरा अख्खा काढला. सगळं झाल्यावर आपल्या वाटीतली सुंगटं त्यानं एकदा हलवली आणि मोठी मोठी निवडून वर ठेवली. मग वाटी माझ्या बाजूला सरकवली.

मला आवडलं. माझ्यासाठी कोणी काही निवडून ठेवल्याचा तोवर प्रसंग आला नव्हता.

ते गेल्यावर अप्पांनी विचारलं, अक्का, काय म्हणता? अक्का हातावर लिंबू चोळत होत्या.

"नको."

अप्पांचा चेहरा उतरला. मी विचारलं, का?

"मोठी वर ठेवली बघितलंस ना? मासळीवाली ठेवते तशी. वर मोठी, खाली चुरा. असला माणूस दाखवतो एक आणि देतो एक. बाजार आहे तो, नवरा नव्हे."

मी म्हटलं, त्यानं ती मला दाखवायला ठेवली असतील. अक्का म्हणाल्या, तेच म्हणाले की मी. अप्पा कोणाच्या बाजूनं बोलायचं ते न कळून तसेच दुपारच्या गाडीनं गेले. चार दिवसांनी चुलतभावाकडून निरोप आला, अक्का नको म्हणत असतील तर आपण नको म्हणू, हुबळीला तूच कळव.

मी रडणारी बाई नाही. पण मला तो मुलगा पसंत होता, आणि एवढ्याशा वाटीवरून तो जाणार हे मला पटत नव्हतं. हुबळीकडून अजून निरोप यायचा होता. त्यांचा होकार आणि आमचा नकार एकाच वेळी निघाला तर पुढं बोलायलाही जागा राहिली नसती. संध्याकाळी मी अक्कांच्या स्वयंपाकघरात गेले.

"अक्का, मोठी वर का ठेवली, हे तुम्ही त्याला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की."

"मला दुसरं दिसलं."

"तुला नवरा दिसला."

"तर मग दोघींपैकी एकीचं चुकलंय. विचारल्याशिवाय कसं कळणार? नकार मी अजून कळवलेला नाही. तुम्ही विचारून या, मग कळवते."

अक्कांना असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी कन्नडमध्ये दोन शब्द म्हटले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत, आणि आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. निरोप नर्सबाईंमार्फत यायचे. नळ सोडून ठेवू नकोस म्हणावं. दिवा मालव म्हणावं. मीही उलटे निरोप पाठवत होते. नर्सबाई वैतागून म्हणाल्या, तुम्हा दोघींचं टपाल वाटायला माझा पगार वेगळा द्या.

मग एका गुरुवारी डबा आला. आम्ही तिघी कचेरीला, शाळेला न जाता थांबलो, कारण बोलणं बंद असलं तरी रविवार तो रविवार. पण दोरीवर टॉवेल पडला नाही. अक्कांनी ठेवणीतली साडी नेसली, डबा उचलला आणि रिक्षा करून स्टँडकडे गेल्या. डबा घराबाहेर जाताना आम्ही पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवशी आम्ही उप्पीट खाल्लं आणि उशिरा कामावर गेलो.

पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं, लग्नानंतर, हसून हसून.

त्या दारात रांगोळी घालत होत्या. एक अनोळखी, उंच बाई डबा घेऊन उभी. मुलीकडची आहे, म्हणाली, आणि डबा उघडून दाखवला. सासूबाईंचा गुरुवार. त्या दिवशी त्या उपास करतात, मासळीला शिवत नाहीत. एरवी कोणालाही त्यांनी दारातूनच घालवलं असतं.

"बाई, आज गुरुवार आहे हो."

"या डब्याला वार कळत नाहीत," अक्का म्हणाल्या. "उद्यापर्यंत राहायची नाहीत."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मुलीकडचं माणूस, उन्हातून आलेलं. त्यांनी मागच्या अंगणात वेगळी परात दिली, वेगळा स्टोव्ह दिला, आणि स्वतः चार हात लांब खुर्ची टाकून बसल्या. मुलगा कारखान्यात होता. घरी त्याचा धाकटा भाऊ आणि दोन बहिणी होत्या, तिघांना हाक मारून सोलायला बसवलं. अक्का एकेकाचे हात बघत होत्या. सोलून झालं. तिघांनीही आपापली वाटी हलवली आणि मोठी मोठी वर काढली.

अक्का बघत राहिल्या. मग त्यांनी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं.

"मोठी वर का ठेवता हो तुमच्यात?"

सासूबाईंना हा प्रश्नच विचित्र वाटला. "सहा पोरं होती, बाई. हे लवकर गेले. मोठी वर असली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं राहतात, कोणाच्या ताटात किती गेली ते दिसतं. खाली राहिली की वाढणाऱ्यावर संशय येतो आणि भांडणं होतात. पोरांना ती सवयच लागली बघा. आता भांडायला कोणी नाही, तरी वर काढतात."

अक्कांनी उठून वाटण केलं, कालवण केलं, वेळेवर उतरवलं. पोरं जेवली. सासूबाईंचा उपास होता. अक्कांना पान मांडलं, तर त्या म्हणाल्या, तुम्ही बसणार नाही तर मीही बसत नाही. ताज्या सुंगटांच्या वासासमोर त्या केळं खाऊन बसल्या. अक्कांना ओळखणाऱ्या कोणालाही मी हे सांगितलं की त्याचा विश्वास बसत नाही.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. रिकामा डबा कट्ट्यावर ठेवून त्या थेट माझ्याशी बोलल्या.

"आई छलो आहे. चांगली बाई."

"आणि मुलगा?"

"मुलाचं मी बोलून चुकले. एकदा दिलेला निकाल मी फिरवत नाही." मग पदरानं मान पुसत म्हणाल्या, "तुझ्या अप्पांना कळव, मुलगा नापास, घर पास. घराला पोरगी द्यायला हरकत नाही."

मी तसंच्या तसं कळवलं. अप्पांना त्यातलं पहिलं अर्धं कळलं नाही आणि दुसऱ्या अर्ध्यावर ते उठून देवाला नमस्कार करून आले. हुबळीचा होकार त्याच आठवड्यात आला.

लग्न हुबळीला झालं. सकाळपासून माझी आई अक्कांना शोधत होती, मुलीच्या बाजूनं ओटी कोण भरणार, आहेराच्या साड्या कुठल्या पेटीत आहेत, सगळं त्यांनाच माहीत. अक्का सापडल्या त्या मुलाकडच्या खोलीत, सासूबाईंच्या शेजारी, पान लावत बसलेल्या. आईनं इकडं या म्हटलं तर म्हणाल्या, मी वरपक्षाची आहे, मला बोलवायला वाजंत्री लागते. आई हसली, तिला थट्टा वाटली. पण थट्टा नव्हती. पंगतीला त्या मुलाकडच्या रांगेत बसल्या. भात उशिरा आला म्हणून मुलीकडच्यांची हजेरी घेतली, आणि ती घेताना समोर वाढायला उभे माझे अप्पाच होते. मानपानाच्या वेळी विहिणीच्या ओळीत बसून त्यांनी अप्पांकडून साडी घेतली, उजेडात धरून काठ बघितला आणि ठीक आहे म्हणून मांडीवर ठेवली. अप्पांनी आनंदानं दिली.

निघताना आम्ही दोघं पाया पडलो. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बोलल्या मात्र माझ्याशी, परक्या घरच्या मुलीशी बोलावं तसं.

"हा आमचा मुलगा जरा सावकाश आहे," म्हणाल्या. "त्याला घाई करू नकोस, बाई."